ओळखीपुरता उजेड

हरवलेल्या लेकराच्या मागावर आई किंवा बाप गावोगाव हिंडत आहे, आणि तो सगळा प्रवास मुद्दाम हलक्या प्रतीच्या कॅमेऱ्याने, कण फुटलेल्या नि कडा विरघळलेल्या चित्रांत टिपला आहे. असा चित्रपट आज कोणी केला, तर त्याला प्रायोगिक म्हटले जाईल, महोत्सवांत त्याला वेगळ्या विभागात जागा मिळेल आणि त्याची मुळे युरोपात शोधली जातील. नाशिक जिल्ह्याचा चित्रपटाशी असलेला शंभर वर्षांचा संबंध नीट पाहिला, तर इतके लांब जावे लागत नाही. रस्ता, मुलासाठी तुटणारे आईबाप आणि अंधुक चित्र या तिन्ही गोष्टी इथे भारतीय कथापटाच्या आरंभापासून एकमेकींच्या आसपास वावरत आल्या आहेत. त्यांना बांधणारा धागाही आहे, असे माझे म्हणणे आहे. धूसर चित्र हे मुळात ओळखीच्यांसाठी असते. समोरचा माणूस ज्याला ठाऊक आहे त्याला ओझरती छबी पुरते. तपशील लागतो तो अनोळख्याला. नाशिक आणि मालेगाव इथला चित्रपटाचा धंदा या एका गोष्टीवर उभा राहिला, आणि मुलाचा शोध ही तर ओळखीच्या नजरेची सर्वांत कठीण कसोटी.

सुरुवात अर्थातच फाळक्यांपासून करावी लागते. धुंडिराज गोविंद फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले. मधल्या काळात चित्र उमटवण्याचे जवळजवळ सगळे मार्ग त्यांच्या हाताखालून गेले: मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातला छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, रविवर्म्याच्या चित्रांची शिळाछपाई, मग स्वतःचा छापखाना. गोध्र्याला प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. पुढे मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला, तेव्हा रात्रंदिवस पडद्याकडे आणि फिल्मच्या तुकड्यांकडे पाहून त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ते पुन्हा कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा आणि यंत्रसामग्रीची व्यवस्था करून परतले. त्यांचा पहिला प्रयोग म्हणजे कुंडीत पेरलेल्या वाटाण्याला कोंब फुटून वेल वाढेपर्यंतची चित्रे, रोज थोडी थोडी घेतलेली. त्यांची दुसरी पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडत, अंधारात ती धूत, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाची तिरीप पात्रांच्या तोंडावर पडावी म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही रांधत. प्रायोगिक हा शब्द एरवी सैल वापरला जातो. इथे तो शब्दशः खरा आहे, कारण पुढचे पाऊल कुठे पडेल हे ते टाकेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

आता ‘राजा हरिश्चंद्र’ची कथा पाहा. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागलेला हा चित्रपट आपण पौराणिक म्हणून एका खणात ठेवतो आणि मोकळे होतो. पण पौराणिक हे कथेचे कूळ झाले. कथेचा आकार प्रवासाचा आहे. राजा, राणी आणि मुलगा राज्य सोडून पायी निघतात. वाट काशीची. वाटेत जे जे जवळ आहे ते सुटत जाते आणि शेवटी माणसेच एकमेकांपासून सुटतात. बायको आणि मुलगा एका घरी विकले जातात, बाप स्मशानात राखणीला लागतो. मुलाला साप चावतो, आई त्याला उचलून रात्री स्मशानात येते, आणि तिथे उभा असलेला माणूस तिच्याकडे दहनाचा कर मागतो. त्या काळोखात बाप आपल्या मुलाला ओळखत नाही, नवरा बायकोला ओळखत नाही. आपल्याकडे कीर्तनकारांनी, खेळे करणाऱ्यांनी आणि आज्या-पणज्यांनी शतकानुशतके सांगितलेल्या या आख्यानाचा कळस म्हणजे कमी उजेडातली न पटणारी ओळख आहे. मंगळसूत्राची खूण पटते तेव्हा कुठे दुःख पूर्ण होते. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाने नेमकी हीच कथा निवडली, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हरिश्चंद्राच्या मुलाचे, रोहिदासाचे काम फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र करीत होता. वांगणीजवळ बाहेरचे चित्रीकरण चालू असताना तो पडला, डोक्याला दगड लागला आणि त्याची शुद्ध हरपली. मुंबईला नेण्याची तयारी सुरू झाली; पण रोहिदास गतप्राण पडला आहे हे दृश्य घ्यायचेच होते, आणि ते लांबवले तर सगळे काम खोळंबले असते. फाळक्यांनी त्या बेशुद्ध मुलावरच ते दृश्य घेतले, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. या प्रसंगाला कोणी ध्येयनिष्ठा म्हणतो, कोणी निर्दयता. मला त्यात वेगळे काही दिसते. एक मूल प्लेगमध्ये गमावलेला बाप दुसऱ्या मुलाच्या निश्चल चेहऱ्याकडे भिंगातून पाहतो आहे, आणि त्या क्षणी कथेतला हरिश्चंद्र आणि कॅमेऱ्यामागचा फाळके यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही. चित्रपट हे माध्यम या मातीत आले ते बापाच्या नजरेतून आले, असे म्हणायला हा एक पुरावा पुरेसा आहे.

पहिल्या यशानंतर फाळक्यांनी मुंबई सोडली आणि बिऱ्हाड, कारखाना सगळे नाशिकला आणले. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ ही चित्रे इथली. १९१८मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली आणि ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालियामर्दन’ तिने काढले. दोन्हींत कृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. नट, सुतार, रंगारी, स्वयंपाकी एकाच आवारात राहत आणि कंपनी एका मोठ्या घरासारखी चाले. गोदावरीची दृश्ये, आगकाड्यांची मौज, तळेगावचा काच कारखाना असे छोटे पटही त्यांनी काढले. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा पट काढून त्यात फाळके स्वतः काम करताना दिसले. मुंबईपासून इतक्या लांब, घाटापलीकडच्या क्षेत्राच्या गावी हा कारखाना चालला, कारण त्याला लागणारे सगळे इथे होते: ऊन, घाट, देवळे, डोंगर, आणि कथा आधीच पाठ असलेला प्रेक्षक. फाळके प्रोजेक्टर आणि पडदा बैलगाडीत घालून गावोगावी खेळ करीत फिरले, तेव्हा लोकांना गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. मूकपटाला आवाज नव्हता, रंग नव्हता, हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यामुळे चाल अडखळती होती. उरलेले सगळे प्रेक्षक घरून घेऊन येत असे.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो खरा आहे. फाळक्यांना धूसर चित्र नको होते. ज्या माणसाने इंग्लंडला जाऊन यंत्रे पारखली, छपाईतली एकेक रेघ स्वच्छ उतरावी म्हणून वर्षे घालवली, त्याला अंधुकपणाचा पुरस्कर्ता ठरवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. आज आपण त्यांची चित्रे फिकी, ओरखड्यांनी भरलेली पाहतो ती काळाने केलेली गत आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यातले पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे आहे, आणि तेही १९१३चे नसून १९१७मध्ये नाशिकला पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे आहे, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. मधली रिळे, म्हणजे बहुधा काशीच्या वाटेचा मोठा भाग, नाहीत. प्रवासाच्या कथेतला प्रवासच हरवला. तेव्हा हा आक्षेप मान्य करून एक भेद करायला हवा. काळाने आणलेली धूसरता वेगळी, साधनांच्या तोकडेपणातून आलेली वेगळी आणि कलावंताने हौसेने निवडलेली वेगळी. तिन्हींना एकाच पारड्यात टाकले की इतिहास बिघडतो. पण तिन्हींत एक गोष्ट समान राहते: चित्रात जे उणे पडते ते पाहणाऱ्याला आपल्या ओळखीतून भरून काढावे लागते. ‘कालियामर्दन’चे तुकडे याच संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी जमवून जतन केले. ते आज पाहणारा मराठी माणूस कुठे कृष्ण, कुठे डोह, कुठे कालिया हे विचारत नाही.

ओळख आणि तपशील यांचे हे नाते निव्वळ माझ्या मनातले नाही. १९७३मध्ये अमेरिकेत लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांचे छायाचित्र अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांत मोडले. जवळून पाहिले तर नुसते ठोकळे. दोन पावले मागे सरून डोळे किलकिले केले की लिंकन. लिंकन ज्याने कधी पाहिलेला नाही त्याला मात्र कुठूनही पाहिले तरी एक दाढीवाला माणूसच दिसणार. १९९९मध्ये ग्लासगोच्या मानसशास्त्रज्ञांनी याहून नेमकी कसोटी घेतली. इमारतीच्या दारावर लावलेल्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्यातले अगदी वाईट चित्रण त्यांनी लोकांना दाखवले. त्यात दिसणारे प्राध्यापक ज्यांना शिकवत होते त्या विद्यार्थ्यांनी ते बहुतेक बरोबर ओळखले. ज्यांना ते परके होते त्यांना ओळख पटवता आली नाही, आणि चेहरे ओळखण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसांचीही गत तीच झाली. म्हणजे चित्राची प्रत सगळ्यांना सारखी होती. फरक होता तो पाहणाऱ्याच्या नात्यात.

आता आग्रा रोडने पुढे जाऊ. मुंबई-आग्रा रस्ता कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, पिंपळगाव, चांदवड करत मालेगावला पोचतो आणि धुळ्याकडे निघतो. मोसम आणि गिरणा या नद्यांच्या काठचे, नारोशंकराच्या किल्ल्याचे हे शहर नाशिकपासून शंभर किलोमीटरवर आहे. त्याची वस्ती साडेचार लाखांच्या वर, आणि तरीही आजवर त्याला रेल्वे नाही. सर्वांत जवळचे मोठे स्थानक मनमाड. मालेगावात जे येते ते रस्त्याने येते. सूत रस्त्याने येते, कापड रस्त्याने जाते, आणि एकोणिसाव्या शतकात १८५७च्या उठावानंतर आणि दुष्काळांच्या काळात उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकरही याच रस्त्याने इथे आले. हातमागाचे यंत्रमाग झाले, शुक्रवार हा मागांच्या सुट्टीचा दिवस ठरला आणि तोच सिनेमाचा दिवस झाला. चित्रपटही रस्त्यानेच यायचे. मोठ्या शहरांत झिजलेल्या प्रती तालुक्याच्या गावी येत, तिथून जत्रांतल्या तंबूत जात. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या २०१६च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातल्या तंबू टॉकीजचे शेवटचे दिवस टिपले आहेत: गंजके प्रोजेक्टर, ट्रकवर लादलेला संसार, आणि प्रत येईल की नाही या घोरात असलेला मालक. रस्ता जितका लांब, तितके चित्र फिके. राजधानीपासूनचे अंतर पडद्यावर ओरखड्यांनी मोजता येत असे.

व्हीसीआर आला आणि हे अंतर वेगळ्या रीतीने मिटले. मालेगावात व्हिडिओ पार्लर निघाली. अशाच एका पार्लरच्या धंद्यातून शेख नासिर नावाचा तरुण चित्रपट पाहत, दाखवत, एका व्हीसीआरवरून दुसऱ्यावर उतरवत संकलन शिकला. सन २०००च्या सुमारास त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास सांगितला जातो. लग्नाचे चित्रण करतात तसला व्हिडिओ कॅमेरा, डाकूंना घोड्यांऐवजी सायकली, कॅमेरा वर-खाली नेण्यासाठी बैलगाडीचे जू, आणि नट म्हणजे मागावरचे कामगार, दुकानदार, शेजारी. व्हीएचएस टेपवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील मावतो, आणि एका टेपवरून दुसरीवर नक्कल काढताना त्यातलाही काही गळतो. मालेगावच्या प्रेक्षकासमोर जे चित्र पोचायचे ते असे दोनदा-तीनदा गाळलेले. तरी पार्लरे भरली. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ची जुळवाजुळव चालू असताना फैझा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८मध्ये केला. तो २०१२मध्ये आपल्या चित्रपटगृहांत लागला, आणि २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला तेव्हा ही गोष्ट देशभर पोचली.

मालेगावच्या पडद्यावर प्रेक्षक काय पाहत होते? बाहेरच्यांना तिथे विडंबन दिसले, जुगाड दिसला, गरिबीतली हौस दिसली. मालेगावकरांना आपला चौक दिसला, मोसमचा पूल दिसला, आणि सायकलवर बसलेला तो अमुक गल्लीतला अमुक हे तीस फुटांवरून कळले. ग्लासगोचा प्रयोग इथे रोज होत होता. चित्र सगळ्यांना सारखेच अंधुक, पण त्या शहरातल्या माणसाला ते पुरेसे स्पष्ट होते. याच कारणाने ही चित्रे मालेगावच्या आणि खानदेशाच्या बाहेर मूळ रूपात फारशी चालली नाहीत. बाहेर गेली ती त्यांच्यावरची चित्रे, चांगल्या कॅमेऱ्याने काढलेली. ओळख जिथे संपते तिथे तपशिलाची गरज सुरू होते. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावरचा कामगार होता. तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. फुटलेल्या कणांच्या त्या चित्रात उडणारा त्याचा सडसडीत देह त्याच्या गावाला कधी परका वाटणार नाही.

दुसरा आक्षेप असा येईल की फाळके आणि मालेगाव यांना एका माळेत ओवणे म्हणजे ओढूनताणून वंशावळ जुळवणे आहे. एकाने नवे माध्यम रुजवले, दुसऱ्यांनी मुंबईच्या गाजलेल्या चित्रपटांच्या नकला काढल्या. वंशावळ मी सांगत नाही. मालेगावची पोरे फाळक्यांचे नाव घेऊन कॅमेऱ्याकडे वळली नव्हती. त्यांनी अमिताभ आणि अमजद खान पाहिले होते. मी दाखवतो आहे ते सारखेपण कामाच्या पद्धतीतले आहे. सरस्वतीबाईंनी हातात धरलेली पांढरी चादर आणि बैलगाडीच्या जुवावर बसवलेला कॅमेरा ही एकाच वर्गातली साधने आहेत: घरात, वाड्यात, रस्त्यावर आधीच असलेली वस्तू चित्र काढायच्या कामी लावणे. पात्रेही दोन्हीकडे घरातली आणि शेजारची. कथाही दोन्हीकडे आधीच तोंडपाठ. हरिश्चंद्राचे आख्यान १९१३च्या माणसाला जितके ठाऊक होते, तितकाच २०००च्या मालेगावकराला शोले. नकलेचा आरोप हा म्हणून मला महत्त्वाचा वाटत नाही. कीर्तनकारही नवी कथा सांगत नसतो. कथा ओळखीची असली की चित्राने सगळे दाखवण्याची गरज राहत नाही, आणि तोकड्या साधनांनी काम करणाऱ्याला तीच एक मोठी सवलत असते.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अस्वस्थ करतो. अंधुक चित्राचे असे गुणगान म्हणजे दारिद्र्याला फुले वाहणे नव्हे काय? १९९५नंतर डेन्मार्कच्या डॉग्मा मंडळींनी साध्या हातातल्या कॅमेऱ्याने चित्रपट काढले. अमेरिकेत काहींनी लहान मुलांच्या खेळण्यातला, ध्वनिफितीच्या कॅसेटवर चित्र उतरवणारा पिक्सेलव्हिजन कॅमेरा मुद्दाम हाती घेतला. त्यांना दुसरा कॅमेरा घेता येत होता. मालेगावच्या मुलांना येत नव्हता, आणि आला असता तर त्यांनी नक्की घेतला असता. हा भेद पुसणाऱ्या कोणत्याही सौंदर्यविचारावर माझा विश्वास नाही. २००९मध्ये हिटो श्टायर्ल यांनी गरीब प्रतिमेची बाजू मांडणारा निबंध लिहिला. त्यातले खालच्या प्रतीच्या चित्रांच्या फिरण्याविषयीचे विवेचन मोलाचे आहे, पण तिथे चर्चा मुख्यतः चित्राच्या प्रवासाची होते. चित्र काढणाऱ्या माणसाच्या खिशाची फारशी होत नाही. म्हणून मी अंधुकपणाला गुण म्हणत नाही. उजेड कमी होता तरी काम का झाले, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मी शोधतो आहे, आणि ते उत्तर चित्रात नसून बघणाऱ्यांच्या आपसातल्या परिचयात आहे.

आईबापांच्या शोधाकडे आता परत येता येते, कारण या परिचयाची धार तिथे सर्वांत तीव्र असते. नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. रामकुंडावर आणि त्र्यंबकच्या कुशावर्तावर पर्वणीच्या दिवशी लाखोंची दाटी होते, आणि त्या दाटीत ताटातूट होणे हा या सोहळ्याचा जुना भाग आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ माणसे गेली. ध्वनिवर्धकावरून हरवलेल्यांची जी पुकार होते तिची भाषा ऐकण्यासारखी असते. तिचे दोन भाग असतात. अमुक रंगाचा सदरा, इतके वय, हातात कडे: हे वर्णन अनोळख्यांसाठी. नाव, गाव, बापाचे नाव: हे आपल्या माणसांसाठी. परक्या डोळ्याला मूल दाखवायचे तर तपशिलांची यादी द्यावी लागते. आईला तशी यादी कोणी विचारत नाही. गर्दीत मान वळवण्याची एक लकब दिसली तरी तिचे पाऊल तिकडे वळते. २०१५च्या सिंहस्थात रस्तोरस्ती कॅमेरे लागले. यंत्राने चेहरे हेरायचे तर यंत्राला प्रचंड तपशील लागतो, कारण यंत्र कोणाच्याच ओळखीचे नसते.

पण आईची ही नजर चुकतेही, आणि माझ्या मांडणीवरचा सगळ्यांत भारी आक्षेप हाच आहे. जिचे मूल हरवले आहे तिला प्रत्येक अंधुक आकृतीत ते दिसू लागते. फाटकातून बाहेर पडणारी पाठमोरी मुलगी, एसटीच्या मागच्या काचेतला चेहरा, हळूहळू सगळे तिचेच होतात. धूसरता खरी ओळख पटवते तशी खोटीही पटवते. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि मला वाटते, शोधाच्या प्रवासपटाला धूसर चित्र शोभते ते याच कारणाने. स्वच्छ चित्रात प्रेक्षकाला आधीच कळते की समोरचा मुलगा तो नव्हे. बाप मूर्ख ठरतो आणि आपण त्याची कीव करतो. कण फुटलेल्या चित्रात आपल्यालाही कळत नाही. बापाबरोबर आपणही चार पावले धावतो आणि त्याच्याबरोबरच थांबतो. रस्त्यावरचा प्रत्येक थांबा ही एक फसलेली ओळख होते. स्मशानातला हरिश्चंद्र याच्या उलट टोकाला उभा आहे: त्याच्यासमोर खरे मूल आहे आणि त्याला ते दिसत नाही, पण आपल्याला दिसते आहे. दोन्हीकडे कथेचा जीव उजेड आणि ओळख यांच्यामधल्या त्या अरुंद जागेत आहे.

मराठीत हा शोध अलीकडे चांगल्या, स्वच्छ चित्रांतही आला. मकरंद माने यांच्या ‘रिंगण’मध्ये कर्जाने पिचलेला बाप आणि आईच्या शोधात असलेला मुलगा पंढरपूरच्या वाटेला लागतात; २०१५च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्तम मराठी चित्रपट ठरला. तिथे मूल आईला शोधते आणि बापाला ठाऊक असते की ती सापडणार नाही. चित्र सुरेख आहे, धुळीचा कणनकण दिसतो. त्याने कथेचे काही बिघडले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणजे अंधुकपणा ही या कथेची अट नव्हे. पण ज्यांच्याकडे अंधुक चित्रच होते त्यांनी ही वाट अडवली गेली असे मानले नाही, हे नाशिक जिल्ह्याने दोनदा दाखवले आहे. एकदा विसाव्या शतकाच्या आरंभी, एकदा त्याच्या अखेरीस.

दोन्ही वेळच्या कामांची पुढची गत मात्र वेगळी होऊ द्यायची की नाही, हे आपल्या हातात आहे. फाळक्यांची बरीचशी रिळे गेली. जुन्या फिल्मा चांदीसाठी वितळल्या गेल्या, नायट्रेट आपोआप सडले, आणि जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. व्हीएचएस टेपचे आयुष्य त्याहून थोडे. वीस-तीस वर्षांत तिच्यावरचा चुंबकीय थर झडू लागतो, आणि ती वाजवणारे व्हीसीआर बनवणे २०१६मध्ये शेवटच्या कारखान्यानेही थांबवले. मालेगावच्या सुरुवातीच्या टेपा आता पंचवीस वर्षांच्या झाल्या. त्यांच्यातला प्रत्येक चेहरा कोणाचा हे सांगू शकणारी माणसे अजून त्याच गल्ल्यांत राहतात. पुण्याच्या संग्रहालयाने, नाशिकच्या किंवा मालेगावच्या महापालिकेने, एखाद्या महाविद्यालयाने या टेपा उतरवून घ्याव्यात, आणि उतरवताना त्या माणसांना शेजारी बसवून नावे लिहून घ्यावीत. मालेगावात ज्यांच्या कपाटात, माळ्यावर अशी एखादी टेप पडून असेल त्यांनी ती पुसून दुसरे काही भरू नये, भंगारात देऊ नये. कोरड्या जागी उभी ठेवावी, आणि तिच्यावर कोण कोण आहे त्याची एक चिठ्ठी आजच आत घालावी.